जांभळ्या पेनाची राखण

निवडणुकीच्या दिवशी मी काय काम करायचे, तर पेन राखायचे. हसा, हसून घ्या. आमचे मिस्टरसुद्धा हसले होते. "सरकार तुला बस देतं, पोलीस देतं, डबा देतं, आणि तू दिवसभर एक स्केचपेन सांभाळतेस?" मी म्हटलं, तुम्हाला घराची किल्ली सांभाळता येत नाही, तुम्ही तर बोलूच नका.

नोकरी माझी अंबरनाथला, पालिकेत, पाणीपट्टीच्या टेबलावर. राहायला विठ्ठलवाडी. निवडणुकीच्या ड्यूटीचा कागद आला की आमच्या ऑफिसात निम्म्या लोकांची कंबर धरायची. कोणाचा बीपी वाढायचा, कोणाच्या सासूबाई नेमक्या त्याच आठवड्यात सिरियस व्हायच्या. माझी कंबर धडधाकट आणि सासूबाई माझ्याहून ठणठणीत, त्यामुळे मी दर वेळी बकरी. वरून साहेब म्हणायचे, "शोभाताई, तुम्हाला अनुभव आहे." ज्याला नाही म्हणता येत नाही त्याला सरकारी भाषेत अनुभवी म्हणतात.

आता तुम्ही विचाराल की मशीन आल्यावर पेन कशाला? बरोबर आहे. साध्या निवडणुकीत बटण दाबा, मशीन वाजतं, घरी जा. पण विधान परिषदेवर पदवीधरांचाही आमदार असतो, आणि त्याची निवडणूक सहा वर्षांनी येते. तिथं फक्त डिग्रीवाल्यांनी मत द्यायचं. डिग्रीची झेरॉक्स लावून आधी नाव नोंदवायचं, मग मत. आणि हे मत कागदावर. कागदावर उमेदवारांची नावं आणि फोटो, पक्षाचं चिन्हबिन्ह काही नाही. जो सगळ्यात पसंत त्याच्यासमोर १ लिहायचा. पुढं वाटलं तर २, ३. झालं. शेंबड्या पोराला जमेल.

पण डिग्रीवाल्याला जमत नाही! कारण त्याला वाटतं, एवढं शिकलो आणि नुसता एक लिहू? कोणी अक्षरात ‘एक’ लिहितं. मत बाद. कोणी बरोबरची खूण करतं. बाद. नाव, सही, काहीही असं लिहिलं की ज्यावरून कागद कोणाचा ते ओळखू येईल, तर बाद. आणि मुख्य म्हणजे केंद्रावर आम्ही देऊ त्याच जांभळ्या पेनानं लिहायचं. स्वतःच्या पेनानं लिहिलं की बाद. सगळ्यांची शाई एकच, म्हणजे मोजताना शाईवरून माणूस सापडत नाही. मला हा नियम फार आवडतो. सरकारनं शांत डोक्यानं केलेले जे थोडे नियम आहेत त्यातला हा एक.

तर माझं काम असं. मतदाराला कागद मिळाला की तो माझ्यासमोर येणार. मी पेन देणार आणि म्हणणार, "याच पेनानं. फक्त आकडा. दुसरं काही काढायचं नाही, सही नाही, खूण नाही. घडी घालून पेटीत टाका, पेन परत द्या." तो पुठ्ठ्याच्या आडोशामागं जाऊन लिहिणार, पेटीत कागद टाकणार, आणि माझ्या पसरलेल्या हाताकडं न बघता पेन खिशाला लावून निघणार. शिकलेल्या माणसाच्या हातात पेन आलं की ते खिशाकडं आपोआप जातं. त्यात चोरी नाही, सवय आहे. मी मात्र दरवाज्यापर्यंत धावायचे. "ओ सर! ओ डॉक्टर! पेन!" शेवटी मी युक्ती केली. तेव्हा ड्यूटी विठ्ठलवाडीला लागूनच्या कॅम्प तीन या वस्तीत; तिथं जीन्सचे कारखाने, चिंध्यांना तोटा नाही. जाड जीन्सची वीतभर चिंधी पेनाच्या शेपटाला घट्ट बांधली. आता लाव खिशाला. एका केंद्रावरचे साहेब म्हणाले, हे पुस्तकात नाही. मी म्हटलं, साहेब, पेन हरवल्यावर काय करायचं ते तरी पुस्तकात आहे का? मग चिंधी राहिली.

कॅम्प तीनचं गिऱ्हाईक तर काय वर्णावं. एक जीन्सचे कारखानदार आले, सिंधी, बी.कॉम. त्यांनी पेन घेतलं आणि आधी स्वतःच्या तळहातावर भर्रकन ओढून पाहिलं.

"साईं, ये क्या कर रहे हो?"

"दीदी, माल चेक किये बिना कैसे चलेगा? सूखा है थोडा." आणि खिशातलं सोनेरी पेन काढलं. "अपना चलेगा? इम्पोर्टेड है."

"नहीं चलेगा. बाद हो जायेगा."

"इतना अच्छा पेन बाद, और ये चिंधीवाला पास?"

"हां जी."

"वाह रे सरकार," म्हणाले आणि चिंधीवालं घेऊन गेले. परत देताना मला हळूच विचारलं, जीन्स कुठल्या कारखान्याची आहे. मी म्हटलं, माहीत नाही. त्यांनी चिंधी बोटांत चोळून पाहिली आणि म्हणाले, "अपनी नहीं है."

दुसरे एक बँकेतले रिटायर्ड मॅनेजर. बाहेर आले ते भलतेच खूश. कागद पेटीत टाकला, पेन शिस्तीत परत दिलं आणि म्हणाले, "दिला बघा, व्यवस्थित सही करून." मी म्हटलं, "सर, सही कशाला केलीत? मी सांगितलं होतं ना?" ते म्हणाले, "अहो, सहीशिवाय कागद हातातून सोडायचा कसा? आयुष्यात सोडला नाही." मग त्यांच्या लक्षात आलं. पेटीच्या फटीत वाकून पाहायला लागले. पेटी एकदा घेते ती परत देत नाही. "आता?" म्हणाले. मी म्हटलं, "आता सहा वर्षांनी." त्यांचा चेहरा असा उतरला की मी त्यांना माझ्या थर्मासमधला चहा दिला. मत गेलं, निदान चहा तरी.

हे सगळं सांगितलं ते हसण्यासाठी. पण हिराबाईंची गोष्ट सांगायची तर मला आधीच सांगू द्या की त्यात मी हसले, घाबरले आणि रडलेही.

गेल्या पदवीधरच्या वेळी माझी ड्यूटी बदलापूरला, बेलवलीच्या बाजूच्या एका शाळेत होती. केंद्राचे मुख्य अधिकारी वैद्य साहेब. कुठल्याशा खात्यात इंजिनीअर, सज्जन माणूस, पण नियमांचं पुस्तक उशाला घेऊन झोपणाऱ्यातला. समोरच्या बाकावर उमेदवारांचे प्रतिनिधी बसतात, मतदार खरा की खोटा बघायला. आमच्याकडं दोघं होते. एक तरुण वकील, सारखा केस सावरणारा. दुसरा जनार्दन. गळ्यात साखळी, बोटांत अंगठ्या, बाहेरची पोरं त्याला जनाशेठ म्हणत होती. घरची जुनी शेती, आता जमिनीचे व्यवहार. आपल्या उमेदवारासाठी सकाळपासून चार वेळा आम्हाला वडे मागवून देऊ का विचारलं. वैद्य साहेबांनी चार वेळा नाही म्हटलं. माझं एकदा हो होतं, पण कोणी विचारलं नाही.

दुपारी हिराबाई आल्या. हिरवं लुगडं, नाकात नथ, चष्मा, साठीच्या पुढच्या. त्या दारात दिसल्या आणि जनाशेठ ताडकन उभा राहिला. "आयस माजी!" सगळ्यांना सांगितलं. "बी.ए. हाय! मराठी घेऊन!" पोरगा आईच्या अभिमानानं नुसता फुगला होता, ते मात्र खरं.

माझ्यापुढं आल्यावर त्यांनी मला आपणहून सांगितलं. मुक्त विद्यापीठातनं डिग्री केली, पोरांची लग्नं झाल्यावर. त्याआधीच्या पदवीधरला नाव नोंदवायला गेल्या तर डिग्रीवर माहेरचं नाव आणि रेशनकार्डावर सासरचं, म्हणून अर्ज परत. सहा वर्षं थांबल्या. "बाय, आज माजा पयला मत," म्हणाल्या. "पुढच्या टायमाला मी असंन का नसंन. बाकी सगल्या निवडनुकीत घरातनं सांगतात तिकडं बटन दाबते. पन ह्या मत माज्या डिग्रीचा हाय. ह्या मी इचार करून देनार." हे शेवटचं वाक्य हळू आवाजात, बाकाकडं पाठ करून.

मी त्यांना पेन दिलं, पोपटपंची केली. त्या आडोशामागं गेल्या.

आणि येईचनात. मागं रांग चुळबुळायला लागली. जनाशेठ म्हणाला, "आये, काय झाला?" आतून काही नाही. मी दोन पावलं पुढं गेले, त्याहून पुढं जायची मला परवानगी नाही. तेवढ्यात त्या बाहेर आल्या. एका हातात चिंधीचं पेन, दुसऱ्यात घडी घातलेला कागद. चेहरा पांढराफटक.

"बाय गो," म्हणाल्या, "श्री चालतं ना?"

"काय श्री?"

"कागदाच्या डोक्यावर श्री काढला मी. आकडा काय अजून लिवला नाय. पन श्री निघाला."

आपल्यात कोऱ्या कागदाला पेन लावलं की आधी वर श्री. पत्र असो, किराण्याची यादी असो, लग्नाची पत्रिका असो. यांनी तर बी.ए.चे सगळे पेपर बहुतेक मनात श्री काढूनच लिहिले असणार. मी सगळं सांगितलं होतं, सही नको, खूण नको. श्री नको हे सांगायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. श्री काढणं म्हणजे काही काढणं, असं मुळात आपल्याला वाटतच नाही.

"आये, उघड, बघू दे मना," जनाशेठ बाक सोडून पुढं आला. हिराबाई घडी उघडायला लागल्या.

"उघडू नका!" मी ओरडले. इतक्या मोठ्यानं की दारातला पोलीस आत आला. नियम असा आहे की मताचा कागद खोलीत कोणाला उघडून दाखवला, तर तो रद्द, आणि दुसरा मिळत नाही. पण चुकून खराब झाला, न दाखवता परत आणला, आणि साहेबांची खात्री पटली की खरंच चुकून झालं, तर तो रद्द करून दुसरा देता येतो. सगळं साहेबांच्या खात्रीवर. हिराबाईंनी कागद पदराखाली घट्ट धरला.

मग सुरू झाली मजा. वकील एकदम गोड झाला. "साहेब, जाऊ द्या ना. काकूंना पेटीत टाकू द्या. श्री म्हणजे शुभच." हा एवढा भाविक कधी झाला? त्याचा हिशोब सरळ होता. जनाशेठची आई म्हणजे मत जनाशेठच्या माणसाला, आणि श्रीमुळं बाद झालं तर याला सोन्याहून पिवळं. जनाशेठ म्हणत होता, "असाच टाक आये, आत जाऊन आकडा लिव नि टाक. श्रीनं कोन बाद करतंय? देवाला घाबरतात सगले." दोघं विरुद्ध पार्टीचे, आणि दोघंही तिला एकाच खड्ड्याकडं ढकलत होते.

हिराबाई कोणाकडं बघत नव्हत्या. फक्त वैद्य साहेबांकडं. "सायेब, बाद व्हईल का?"

"होऊ शकतं," साहेब म्हणाले. "मोजणाऱ्यांनी ती ओळखीची खूण मानली तर."

"मंग दुसरा कागद द्या मना."

साहेबांनी पुस्तक काढलं. पानं उलटली. चष्मा वर केला. "यात ‘अनवधानाने’ असं आहे. म्हणजे शाई सांडली, चुकीच्या जागी आकडा पडला, वगैरे. पण श्री काढणं अनवधानानं कसं होईल? श्री काढायला श, त्याला जोडलेला र, वर दीर्घ वेलांटी, सगळं नीट लागतं. ते तुम्ही समजून उमजून काढलंत."

"मी काढला नाय सायेब," हिराबाई म्हणाल्या. "तो निघाला."

"असं कसं निघेल?"

"पेन टेकला, नि निघाला. मना कललाच नाय. कलला तवा झालता."

"पण बाई, हात तुमचा ना?"

"हात माजा. पन सवय काय माजी एकटीची हाय?"

मला इतका राग आला होता साहेबांचा! एका बाईनं सहा वर्षं थांबावं आणि यांनी वेलांटीचा खल करावा. बोलायचं होतं, पण पेनवालीनं बोलायचं नसतं. मनात मात्र सगळं म्हणून घेतलं. मागं रांग वाढत होती, पोलीस डोकावत होता, वकील केस सावरत होता.

"थांबा," साहेब म्हणाले. "मी आधी घडलेला प्रकार लिहून काढतो. मग निर्णय. मॅडम, एक कोरा कागद द्या."

मी दिला. साहेबांनी खिशातनं स्वतःचं पेन काढलं, टोपण उघडलं, कागद सरळ केला, आणि लिहायला लागले. एक ओळ लिहिली आणि थांबले. त्याच कागदाकडं बघत राहिले. मी त्यांच्या टेबलाशी होते, मला दिसलं. वकिलाला दिसलं. मान लांब करून जनाशेठलाही दिसलं.

कागदाच्या डोक्यावर, मधोमध, बारीक, सुबक. श्री.

वैद्य साहेबांचे कान लाल झाले. वकिलाला काही राहवलं नाही. "साहेब," म्हणाला, "हे अनवधानानं की समजून उमजून?"

मी पदर तोंडात कोंबला, तरी फस्सकन हसू आलंच. पोलीस हसला. रांगेतल्या लोकांना काही कळलं नव्हतं, तेही हसले. आणि मग वैद्य साहेब स्वतः हसायला लागले, चष्मा काढून डोळे पुसायला लागले. त्या दिवसापासून माझं त्या माणसाविषयी मत चांगलं आहे. खुर्चीवर बसून स्वतःला हसणारे मी नोकरीत फारच थोडे पाहिले.

"माझी खात्री पटली," म्हणाले. "यांना दुसरी मतपत्रिका द्या."

हिराबाईंनी पदराखालचा कागद घडीसकट त्यांच्या हातात दिला. साहेबांनी तो उघडला नाही. तसाच उलटा करून मागं ‘रद्द’ लिहायचं होतं. पेन टेकवलं आणि हात अडला. आत श्री आहे ना. मग त्यांनी कागद झटकन कपाळाला लावला, ‘रद्द’ लिहिलं आणि पाकिटात घातला. हे पुस्तकात नाही, पण मी काही बोलले नाही.

नवा कागद घेऊन हिराबाई माझ्यापुढं आल्या. मी पेन दिलं. मी म्हटलं, "मावशी, श्री हवेत काढून घ्या आधी. मग एक लिहा." त्यांनी माझ्याकडं पाहिलं, बोट हवेत फिरवलं आणि आत गेल्या.

या वेळी वेळ लागला नाही. आल्या, पेटीपाशी उभ्या राहिल्या, कागद फटीत सोडला आणि आत पडल्याचा आवाज येईपर्यंत हात तिथंच ठेवला. मग पेन माझ्या हातात ठेवलं. डोळे भरलेले, पण हसत होत्या. माझ्याही डोळ्यांना पाणी आलं. रोज पाण्याची बिलं फाडणारी बाई मी, मला असं सहज रडू येत नाही. पण आलं.

जनाशेठ दारापर्यंत त्यांच्या मागं गेला. माझं टेबल दाराजवळच, त्यामुळं मला ऐकू आलंच. आवाज दबका, पण त्यात लाडिकपणा कमी आणि घाबरेपणा जास्त.

"आये, आपल्यालाच दिलास ना?"

हिराबाई चपला घालत होत्या. एक घातली, दुसरी घातली, मग मान वर केली.

"जन्या, डिग्री कोनाची?"

"तुजी."

"मंग गप रिक्षा बोलव."

जनाशेठ अंगठ्या घातलेला हात वर करून, भर उन्हात, रस्त्याकडं धावत सुटला.